मॅन्युअल नाही म्हणून ट्रान्समीटर बंद

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागायच्या आत कोकणात घरे शाकारून होतात, होड्या वर ओढून झापांखाली जातात, सरपण पडवीत येते. रेडिओ प्रसारण केंद्रांच्या पावसाळी तयारीतही डीजी सेटचे डिझेल, लाइटनिंग अरेस्टर, अर्थिंगचे खड्डे हे सगळे तपासले जाते. ट्रान्समीटरचे सर्व्हिस मॅन्युअल नेमके कोणत्या कपाटात आहे आणि त्याची पाने अजून सुटी होतात का, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. उत्पादकांनी ही मॅन्युअल्स इंटरनेटवर खुली ठेवावीत आणि केंद्रांनी आपल्याकडची कागदी प्रत स्कॅन करून घ्यावी, एवढीच मागणी करण्यासाठी हे पत्र आहे. तेवढ्यावाचून काय काय अडते, ते जरा तपशिलात सांगतो.

आधी, रेडिओ आता ऐकतो कोण, या प्रश्नाचे उत्तर. यांत्रिक नौकांची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. १ ऑगस्टला नौका बाहेर पडतात तेव्हा पाऊस सरलेला नसतो. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते, पण मध्यम लहरी समुद्रावरून लांबवर पोचतात, कारण खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. त्याच लहरी जांभ्याच्या कोरड्या सड्यावर लवकर विरतात. रत्नागिरी आकाशवाणीची ११४३ किलोहर्ट्झ ही जागा कोकणातल्या जुन्या श्रोत्यांना पाठ आहे ती उगाच नाही. दुसऱ्या टोकाला कम्युनिटी रेडिओ आहे. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही तो चालवता येतो. ट्रान्समीटर ५० वॉटचा, अँटेना ती एकवटत असल्याने बाहेर पडणारी परिणामी शक्ती १०० वॉटपर्यंत, आणि पूर्णवेळ अभियंता बहुतेक ठिकाणी नाहीच. खरे तर तिथेच मॅन्युअलची गरज सर्वांत जास्त.

‘मॅन्युअल’ या एकाच नावाखाली तीन निराळ्या गोष्टी मिळतात, हे खरेदी करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पहिली म्हणजे वापरपुस्तिका : यंत्र चालू कसे करायचे, फ्रीक्वेन्सी कशी लावायची. दुसरी उभारणीची : केबल किती जाडीची, अर्थ कुठे, खोलीतून किती हवा काढायची. तिसरे सर्व्हिस मॅन्युअल. त्यात ब्लॉक डायग्राम, प्रत्येक कार्डाचा सर्किट डायग्राम, वायरिंगची यादी, टेस्ट पॉइंटवरचे व्होल्टेज, ट्यूनिंगची पद्धत आणि सुट्या भागांची यादी असते. संकेतस्थळांवर पहिली बहुधा मिळते, दुसरी कधीमधी. तिसरीसाठी ‘नोंदणीकृत ग्राहक’ व्हावे लागते. नोंदणी सिरीयल नंबरवर, आणि तो नंबर पहिल्या खरेदीदाराच्या किंवा मधल्या विक्रेत्याच्या नावावर. यंत्र एका केंद्रातून दुसऱ्यात आले असेल, विक्रेत्याने दुकान बंद केले असेल, तर पत्रव्यवहार कोणाशी करायचा?

आता बिघाडाकडे. एक किलोवॉटचा एफएम ट्रान्समीटर घ्या, ज्यात चार सारखी पॉवर मॉड्यूल एका कम्बाइनरमध्ये (सगळ्यांची शक्ती एकत्र करणाऱ्या भागात) जोडलेली आहेत. एक मॉड्यूल मेले तर पॉवर १००० वरून ७५० वॉटवर येईल, हे गणित कोणीही करील. मीटर दाखवतो ५६० च्या आसपास. ड्युटीवरचा माणूस म्हणतो, दोन मॉड्यूल गेली, आणि धडधाकट मॉड्यूल उघडून बसतो. प्रत्यक्षात उरलेली तीन मॉड्यूल मिळून ७५० वॉट देतच असतात. पण चौथ्याची जोडी तुटल्याने त्यातले १८७ वॉट कम्बाइनरच्या रिजेक्ट रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात आणि अँटेनाकडे ५६३ वॉट निघतात. चारपैकी तीन म्हणजे पाऊण, आणि पाऊणचा वर्ग छप्पन टक्के. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे एका परिच्छेदात असते. त्याच परिच्छेदात हेही असते की ते रेझिस्टर इतकी उष्णता सतत सोसतील का, की ड्राइव्ह (मॉड्यूलना जाणारा सिग्नल) कमी करून चालवायचे. हे न कळल्याने आधी एक मॉड्यूल आणि मग रेझिस्टर असा दुहेरी खर्च होतो.

मेलेल्या मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर बदलायचा तर पुढची अडचण भागांच्या यादीत. कित्येक उत्पादक यादीत मूळ भागाचे नाव न देता स्वतःचा दहा-बारा अंकी क्रमांक छापतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुकानदाराला ‘बीएलएफ २७८’ म्हटले की कळते, त्या अंकांवरून काहीच कळत नाही. भाग मिळाला तरी काम संपत नाही. मॉस्फेट जातीच्या या ट्रान्झिस्टरचे गेट व्होल्टेज नगागणिक बदलते. जुन्यासाठी लावलेला प्रीसेट (ते व्होल्टेज ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) तसाच ठेवून नवा बसवला तर तो थंड अवस्थेतही भलताच करंट ओढू शकतो. म्हणून पद्धत अशी : आरएफ ड्राइव्ह बंद, आउटपुटला ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रेझिस्टर), बायस प्रीसेट किमान, सप्लायला करंट लिमिट, मग प्रीसेट हळूहळू वाढवत मॅन्युअलमध्ये दिलेल्या शांत (ड्राइव्ह नसतानाच्या) करंटवर थांबायचे. तो आकडा डेटाशीटमध्ये असतोच असे नाही, कारण सर्किट ज्याने आखले त्याने तो ठरवलेला असतो. फ्लँजखालची थर्मल पेस्ट पातळ, स्क्रू आलटून-पालटून आणि दिलेल्या टॉर्कवरच. जोर लावून आवळला की फ्लँज किंचित वाकते, मधोमध पोकळी राहते आणि चार दिवसांत तोच ट्रान्झिस्टर पुन्हा जातो. मग दोष ‘डुप्लिकेट मालाला’ दिला जातो. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण दर वेळी तोच नसतो.

व्हॉल्व्हचे जुने ट्रान्समीटर असतील तिथला एक बिघाड तर खास वादळी किनाऱ्याचा. निसर्ग (३ जून २०२०) किंवा तौक्ते (मे २०२१) यांच्यासारख्या वादळानंतर खांब पुन्हा उभे राहतात, लाइन जोडली जाते आणि त्यात दोन फेजची अदलाबदल होते. थ्री-फेज ब्लोअर उलटा फिरू लागतो. गंमत अशी की सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त बरीच कमी. हात लावून पाहिले तर वारा लागतो, म्हणून ‘ब्लोअर ठीक आहे’ असा शेरा पडतो. पुरेशा हवेच्या दाबानेच जुळणारा एअर स्विच मात्र जुळत नाही आणि एचटी (व्हॉल्व्हचा उच्च दाबाचा वीजपुरवठा) येत नाही. यावर दोन इलाज होतात. एक, दोन फेज बदलून घेणे, पाच मिनिटांचे काम. दुसरा, एअर स्विचला जंपर मारणे, म्हणजे तार जोडून तो टाळणे. तेही पाच मिनिटांचेच, पण सिरॅमिक व्हॉल्व्हच्या सीलचे तापमान साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आत राहावे लागते आणि अपुऱ्या हवेत ते राहत नाही. एअर स्विच किती दाबाला जुळायला हवा आणि बंद केल्यावर ब्लोअर आणखी किती वेळ चालू ठेवायचा, हे मॅन्युअलच्या त्याच पानावर असते. ते पान समोर असते तर जंपर मारायची बुद्धी कोणाला झाली नसती.

एफएम केंद्रांवर पावसाळ्यातली नेहमीची तक्रार रिफ्लेक्टेड पॉवरची, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीची. व्हीएसडब्ल्यूआर (हे परतणे दाखवणारे गुणोत्तर) १.५ म्हणजे पाठवलेल्या शक्तीपैकी ४ टक्के परत, एक किलोवॉटला ४० वॉट. २ झाला की ११ टक्के, म्हणजे ११० वॉट. किती वॉटला यंत्र आपोआप पॉवर उतरवते, किती वॉटला ट्रिप होते आणि किती ट्रिपनंतर कायमचे लॉक होते, हे प्रत्येक मॉडेलचे वेगळे. ते माहीत नसले की रिसेटचे बटण दाबणे हा एकच उपाय उरतो, आणि तो मॉड्यूल जळेपर्यंत चालतो. खरी रीत सोपी आहे. यंत्र बंद करून, अर्थिंग स्टिक (उरलेला विद्युतभार जमिनीत सोडणारी काठी) लावून, यू-लिंक (जोडणी बदलायचा यू आकाराचा तुकडा) डमी लोडवर घ्या. दहा टक्के पॉवरवर चालवून पाहा. तिथे रिफ्लेक्टेड शून्याजवळ असेल तर दोष फीडर (अँटेनापर्यंत जाणारी केबल) किंवा अँटेनाचा. डमी लोडवरही परत येत असेल तर आधी डायरेक्शनल कपलर (जाणारी आणि परतणारी शक्ती वेगवेगळी दाखवणारा भाग) आणि त्याच्या दोन सॅम्पल केबल पाहा. साफसफाईत त्यांची अदलाबदल झालेली असू शकते.

फीडर पोकळ असेल तर त्यात कोरडी हवा साधारण ३ ते ५ पीएसआय दाबाने भरलेली असते. डिहायड्रेटरच्या (हवा कोरडी करणाऱ्या यंत्राच्या) काचेतले निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ते ओले झाले. जुलैत ते किती दिवसांत गुलाबी होते यावरून गळती कळते. दाब रात्रीतून पडत असेल तर जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे. फोम भरलेल्या केबलला हवा लागतच नाही. उभारणीची पुस्तिका नसल्याने फोमच्या केबलसाठी हवेचे फिटिंग शोधत फिरणारेही आहेत. बाहेरच्या कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळत न्यावी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर कौलासारखा चढतो आणि पाणी निथळते. वरून खाली गुंडाळली की प्रत्येक वेढा पन्हळीसारखे पाणी आत घेतो. खाऱ्या हवेत त्या कनेक्टरच्या पिना एका पावसात हिरव्या पडतात.

मग हे सगळे इंटरनेटवर का नाही? एक कारण कंपन्यांची नावेच टिकत नाहीत. अमेरिकेतल्या क्विन्सी गावातली गेट्स कंपनी १९२२ ची. १९५७ मध्ये ती हॅरिस-इंटरटाइपने घेतली, २०१३ मध्ये हॅरिसने प्रसारण विभाग विकला आणि २०१४ पासून ट्रान्समीटरचा धंदा ‘गेट्सएअर’ नावाने चालतो. यंत्राच्या दारावर ‘हॅरिस’, शोध मात्र तिसऱ्याच नावाने घ्यायचा. मोजमापाच्या उपकरणांत एचपीचे १९९९ मध्ये एजिलेंट आणि २०१४ मध्ये कीसाइट झाले. पण एचपीच्या जुन्या उपकरणांची कितीतरी मॅन्युअल्स कीसाइटच्या संकेतस्थळावरून आजही उतरवून घेता येतात, सर्किटसकट. म्हणजे नाव बदलल्याची सबब पुरत नाही. करायचे मनात असले की होते.

जे कंपन्यांनी केले नाही ते काही ठिकाणी हौशी लोकांनी केले. ‘वर्ल्ड रेडिओ हिस्टरी’वर प्रसारणाची जुनी मासिके आणि कॅटलॉग आहेत, ‘बामा’ या संग्रहात जुन्या रेडिओ यंत्रांची मॅन्युअल्स. २०१५ मध्ये मेरीलँडमधले मॅन्युअल विकणारे एक दुकान बंद होत होते, तेव्हा इंटरनेट अर्काइव्हच्या माणसांनी धाव घेऊन हजारो मॅन्युअल्स रद्दीत जाण्यापासून वाचवली. पण अशा संग्रहांत भारतात जुळलेली, भारतीय कारखान्यांत बनलेली यंत्रे क्वचितच सापडतात. त्यांची मॅन्युअल्स आपल्याच कपाटांत आहेत आणि तिथे त्यांना कसर लागते आहे. पैसे घेऊन मॅन्युअल देऊ म्हणणारी संकेतस्थळे भरपूर आहेत. त्यांतल्या ज्या ठिकाणी पीडीएफच्या जागी ‘.ईएक्सई’ फाइल उतरते, ती उघडू नये, स्टुडिओच्या संगणकावर तर मुळीच नाही.

शोधताना नुसता मॉडेल नंबर पुरत नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला आवृत्तीचे अक्षर आणि ‘अमुक सिरीयल नंबरपासून पुढे’ अशी ओळ असते, शेवटी दुरुस्तीपत्रके चिकटवलेली असतात. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत कंट्रोल कार्ड निराळे असू शकते. चुकीच्या आवृत्तीवरून तार शोधणे म्हणजे चिपळूणचा नकाशा घेऊन गुहागर शोधणे.

स्कॅनबद्दल थोडे, कारण यात हमखास घोटाळा होतो. मजकुराची पाने ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) चालतात. घडीचे मोठे सर्किट डायग्राम ४०० च्या खाली नकोत, नाहीतर ४.७ आणि ४७ यांतला दशांशाचा ठिपकाच नाहीसा होतो. ए-२ आकाराचा एक नकाशा ४०० डीपीआयला करड्या छटांत घेतला तर सुमारे सहा कोटी वीस लाख ठिपके होतात. फाइल जड होते, होऊ द्या. मोठा स्कॅनर नसेल तर तुकड्यांत घ्या, पण दोन तुकड्यांत तीन सेंटिमीटर तरी समान भाग ठेवा. तारांचे रंग दाखवणारी पाने रंगीत हवीत. मोबाइलने काढलेल्या फोटोत घडीची सावली नेमकी आयसीच्या पिन नंबरवर पडते. ओलीने चिकटलेली गुळगुळीत पाने ओढून सोडवू नयेत आणि उन्हातही टाकू नयेत. टीपकागद घालून पंख्याखाली सावकाश सुटू द्यावीत. मजकूर ओळखता येईल असा थर पीडीएफमध्ये घाला, म्हणजे फॉल्ट कोड टाइप केला की पान सापडते. तीनशे पानांच्या मॅन्युअलमध्ये रात्री दोन वाजता हा शोध चालला नाही, तर मॅन्युअल असून नसल्यासारखेच.

या कामात एक कागद हमखास राहून जातो, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा : कारखान्याचे टेस्ट शीट. कंपनीने उद्या सगळी मॅन्युअल्स खुली केली तरी त्या एका सिरीयल नंबरच्या यंत्राचे मूळ रीडिंग जगात दुसरीकडे कुठेही असण्याची खात्री नाही. प्रत्येक मॉड्यूलचा करंट, पूर्ण पॉवरवरचे तापमान, कपलरचे कॅलिब्रेशन त्यात हाताने लिहिलेले असते. मध्यम लहरींच्या केंद्रात त्याला उभारणीच्या वेळची नोंद जोडा : अँटेनाचा मोजलेला इम्पिडन्स (विजेला होणारा एकूण विरोध) आणि एटीयूमधल्या (ट्रान्समीटरचा अँटेनाशी मेळ घालणाऱ्या जोडणीतल्या) कॉइलचा टॅप कितव्या वेढ्यावर आहे ते. ११४३ किलोहर्ट्झला तरंगलांबी २६२ मीटर, चतुर्थांश साडेपासष्ट. एवढ्या लांबीच्या, बहुधा १२० तांब्याच्या तारा मनोऱ्याभोवती जमिनीत पसरायच्या, असा जुना प्रघात आहे. खाऱ्या जांभ्यात त्या कुठे कुठे तुटतात आणि इम्पिडन्स हळूहळू सरकतो. मूळ आकडा हरवला असेल तर किती सरकला हे सांगणार कोण? मग टॅप हलवत बसायचे, अंदाजाने.

कायद्याची बाजू अर्धवट आहे. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यासाठी निवडलेली क्षेत्रे चार : शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. प्रसारणाची यंत्रे त्यात नाहीत. मिक्सरची दुरुस्ती ग्राहकाचा हक्क, ट्रान्समीटरची मात्र विक्रेत्याची मर्जी. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(न) बदलले. कागदी प्रत हाती असेल तर अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला ती जतनासाठी डिजिटल करून ठेवता येते. पण केंद्राचे कपाट म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय नव्हे आणि मॅन्युअलचा हक्क उत्पादकाचाच. म्हणून त्याची लेखी परवानगी लागते, आणि ती मागायची वेळ यंत्र विकत घेतानाची. पैसे दिल्यावर कोणी ऐकत नाही.

तेव्हा प्रत्येक निविदेत पुढचे कलम असावे : सर्किट डायग्राम आणि मूळ भागक्रमांकासह संपूर्ण सर्व्हिस मॅन्युअल पीडीएफमध्ये, कुलूप नसलेले, छापील दोन प्रती, त्या सिरीयल नंबरचे टेस्ट शीट, फर्मवेअरची (यंत्रातल्या सॉफ्टवेअरची) फाइल आणि ती चढवण्याची कृती, केंद्राला प्रती काढण्याची आणि दुसऱ्या केंद्राला देण्याची मुभा, मॉडेल बंद झाल्यावर मॅन्युअल सर्वांसाठी खुले करण्याची हमी. शेवटचा हप्ता हे सगळे उघडून, छापून पाहिल्यावरच द्यावा. कागदपत्रे नुसत्या सीडीवर घेऊ नयेत. कोकणात तिच्यावर बुरशीची नक्षी उमटते आणि नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नसते.

सुरक्षेचे कारण पुढे केले जाते. सर्किट डायग्राम वाचून कोणी ट्रान्समीटरचा ताबा घेत नाही. बदलायचा राहिलेला मूळ पासवर्ड आणि उघडे ठेवलेले इंटरनेट कनेक्शन यांमुळे घेतो. पासवर्डची पाने वेगळी ठेवा, बाकीचे द्या.

खुले म्हणजे संपूर्ण फाइल उतरवता येईल असे, एकेक पान चाळायला लावणारे नव्हे. ट्रान्समीटर डोंगरावर, वादळात वीज गेलेली, मोबाइल टॉवर बंद. अशा वेळी पान गोल गोल फिरत राहते. म्हणून फाइल केंद्राच्या संगणकावर, दोन पेनड्राइव्हवर आणि जिल्ह्याबाहेरच्या एका ठिकाणी ठेवावी. आणि ट्रान्समीटरच्या दाराला आतून ए-४ चा एक लॅमिनेट केलेला कागद लावावा : चालू-बंद करण्याचा क्रम, ट्रिपच्या मर्यादा, चांगल्या दिवशीची रीडिंग, एचटी बंद केल्यावर कपॅसिटर उतरायला लागणारी मिनिटे, आणि अर्थिंग स्टिक कुठे टांगली आहे ते.

आपले,
प्रसारण यंत्रसामग्रीच्या देखभालीतील काही तंत्रज्ञ,
रत्नागिरी